समुद्र? तो पलीकडे!

बावीस वर्षं हो, बावीस! वेंगुर्ल्याच्या मुलीनं बावीस वर्षं बंगळूरच्या राजाजीनगरात बसून समुद्राची वाट बघायची म्हणजे काय थट्टा आहे? तुम्हाला सांगते, आमच्या शेजारच्या हेमलताबाई बोअरचं पाणी सोसतील, बर्फातली मासळीसुद्धा सोसतील... पण यजमानांनी, पद्माकररावांनी, सरकारी कारखान्यातल्या एवढ्या मोठ्या इंजिनियरनं, चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात "चल, तुला समुद्र दाखवतो" म्हणायचं आणि... थांबा, नीट सांगते.

बाई काय हरखल्या! भिजायला वेगळी साडी घेतली, आईला पत्र टाकलं, "समुद्रावर चालले गं!" अख्खा दिवस बसमध्ये, घाटात दोनदा ओकारी, तरी चेहरा असा, जणू माहेरपणाला निघाल्यात! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माकररावांनी नेऊन उभं कुठे केलं? चिखलात! म्हणजे चिखलावर बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर. दोन्हीकडे खारफुटीचं रान, खाली कुजका वास, आणि यांच्या गळ्यात दुर्बीण.

"अहो, समुद्र कुठाय?"

"श्श! खंड्या उडेल!"

"अहो, पण समुद्र?"

"तो काय, झाडांच्या पलीकडे!"

वाटाडा होता देवाप्पा, भला माणूस. तो आपला सहज म्हणाला, "अक्का, सारनी महिन्याआधी पत्र घातलं की! पक्षी पाहिजे, मगर पाहिजे, दोन्ही दाखव म्हणून." पत्र! महिन्याआधी! आणि त्यात समुद्राचं नावसुद्धा नाही! म्हणजे झालं होतं काय, तर साहेब कारखान्याच्या पक्षीमंडळाचे नवे सेक्रेटरी, त्यांना पक्ष्यांची यादी वाढवायची, आणि एकटे गेले तर डबा कोण बांधणार? लाटांची गाज बाईंच्या कानावर येत होती हो, ओठांना वारा खारट लागत होता, आणि समुद्र? पलीकडे!

एवढ्यात देवाप्पा हळूच म्हणाला, "सार, स्वल्प खाली बघा." खाली ओंडका पडला होता... आणि त्या ओंडक्यानं जबडा उघडला! बाईंचे पाय जागच्या जागी थिजले. आणि पद्माकरराव? धड धड धड धड... फळ्या अशा वाजल्या की पंचक्रोशीतले बगळे उडाले! थेट फाटकापाशी! मागे वळून बघितलंसुद्धा नाही हो! देवाप्पानं काठी आपटली, मगर आपली शांतपणे पाण्यात सरकली. मगरीला बघून बाई रडल्या नाहीत. रिकाम्या फळ्यांकडे बघून रडल्या.

देवाप्पाला कसंनुसं झालं. "अक्का, रडू नका. माझी होडी आहे. पंधरा मिनिटांत समुद्र."

बाईंनी डोळे पुसले, साडी खोचली, एक पाय होडीत ठेवलासुद्धा... आणि फाटकावरून हाक, "अगं ए, चल लवकर! बस चुकेल!"

उतरल्या. होय, उतरल्या! मी विचारलं, "का हो उतरलात?" तर म्हणाल्या, "पायांना सवय झालीये गं." बंगळूर आलं, समुद्र राहिला पलीकडे!

आणि परवा मंडळात साहेबांचं व्याख्यान! "मगर समोर होती! मी हेमलताला पाठीशी घातलं, म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना!" मी चमकून बाईंकडे बघितलं. पहिल्या रांगेत बसलेल्या. मान खाली. मला वाटलं, आता उठतील, आता बोलतील... तर साहेब पुढे म्हणतात कसे, "आणि आमच्या मिसेसच्या खास आग्रहावरून पुढच्या वर्षीची सहलसुद्धा तिथेच!"

सभागृहात कडकडाट! सगळे बाईंकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं... आणि काय करणार हो, त्यांनीही वाजवल्या.