दत्ताभाऊची पोकळ गिटार

मंडळी, बसा, बसा. मागं उभे आहात त्यांनीही टेकून घ्या. मला भाषण येत नाय. मी रफिक. गुलमंडीवर दत्ताभाऊच्या चष्म्याच्या दुकानाला लागून माझं कुलपा-किल्ल्यांचं दुकान. सारी उमर शेजारी बसलो. गेल्या आठवड्यात तो गेला, अन् आज त्याच्या फोटोसमोर बोलायला उभा आहे.

आधी एक विनंती. अण्णा, तुम्ही त्याचे थोरले भाऊ, राग मानू नका. फोटोशेजारी त्याची गिटार ठेवली, चांगलं केलं. पण तिच्यावर हार घातलाय अन् फुलं ओली आहेत. पाणी फटीतून आत उतरतंय. ही गिटार आतून पोकळ आहे हो, लाकूड फुगंल. काढा तेवढा. हां. शुक्रिया अण्णा.

तुमच्यातल्या कितीतरी जणांना प्रश्न पडला असंल, चष्मेवाल्याला ही कशाला? मलाही पडला होता. मुंबईला फ्रेमा आणायला गेला अन् हे धूड घेऊन आला. हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं वाजवणं सोडलं होतं, त्याच्याकडून. वहिनी तेव्हा म्हणल्या, "आता गिऱ्हाइकाच्या नाकावर हेच ठेवा!" व्हय ना वहिनी? मी म्हणलो, "अरे यार, गिटारला मधी गोल भोक असतं. हिला व्हायोलिनसारखं फुगीर पोट काय, अन् दोन्ही बाजूंना वाकड्या चिरा काय?" तो हसला. म्हणला, "जाझ वाजवायची गिटार आहे रफिक. माझ्या दुकानापुरती हिला विजेची वायरही लागत नाय."

जाझ म्हणजे काय, मला आजही सांगता येणार नाय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो बाकावर बसून वाजवायचा. कुणी म्हणायचं, भाऊ, सिनेमातलं वाजवा. तो मान हलवायचा अन् आपलंच वाजवायचा. लई हट्टी माणूस! फुलंब्रीची एक मावशी चष्मा न्यायला आली, ऐकत बसली, अन् चष्मा तिथंच विसरून गेली.

एकदा मी चिडवलं, "एवढं काय आहे रे हिच्यात?" त्यानं गिटार माझ्या मांडीवर दिली, म्हणला, पोटाशी धर. अन् एक जाड तार छेडली. मंडळी, कानाला ते नंतर ऐकू आलं. आधी बरगड्यांत घुमलं. त्या दिवसापासून पुन्हा चिडवलं नाय.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. तारा दाबायचा हात. दत्ताभाऊ रडला, मी पाहिलंय, कशाला लपवू? तेव्हा त्याची मुग्धा, ही समोर बसली आहे ती, बापाच्या डाव्या अंगाला खेटून बाकावर बसली. ती तारा दाबायची, तो उजव्या हातानं छेडायचा. एक गिटार, दोन माणसं! आधी नुसती खरखर. दोघं एकमेकांवर वैतागायचे. मग जमलं. मग असं जमलं, की रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचं नाय आत किती जण वाजवतायत.

आता अण्णा म्हणतात, गिटार काचेच्या कपाटात ठेवू. माया आहे म्हणूनच म्हणतात. मी मुग्धाला विचारलं, तुला नको का? ती म्हणली, "चाचा, मला अर्धीच येते. उजवा हात पप्पांचा होता."

बेटा, तुझाच बाप म्हणायचा ना, की असलं लाकूड वाजत राहिलं तर मोकळं होतं, ठेवून दिलं तर मुकं होतं? मला लाकडाची तेवढी काळजी नाय. तुझी आहे.

म्हणून मंडळी, मी तुमच्याकडं दोन मिनिटांची शांतता मागतो. उभं राहू नका, खुर्च्या वाजतील. कुणीतरी पंखे बंद करा. हिचा आवाज बारीक आहे, मागपर्यंत गेला पाहिजे. दत्ताभाऊ, तुला सलाम.

मुग्धा, ये. सूर-ताल मला काही कळत नाय, माझी बोटं किल्ल्या घासणारी. खरखर होईल. होऊ दे. पण उजवा हात आहे माझ्याकडं. सरक थोडी बेटा. दाब तारा.