वरच्या मजल्यावरचा प्राणी

नाही, नाही, भाडं ही दुय्यम बाब — बसा हो राजस, त्या खुर्चीवर नको, इथं उजेडात — अ‍ॅडव्हान्सचं एरवी हे बोलले असते, पण हे हल्ली देवनहळ्ळीला प्लॉटवर असतात, पेरू लावलेत, येतील. चकली घ्या. माझ्याकडे काय पाहताय, चकलीकडे पाहा. आधीचे भाडेकरू का गेले असंच ना? सगळे विचारतात. तर स्पष्ट सांगते: गैरसमज. मी लिहिते. आठवणींचं विनोदी पुस्तक एक, आणि मुलांसाठी प्राण्यांची साहसं सहा. आता गंमत पाहा — आठवणींत मी पद्मनाभांचं, म्हणजे ह्यांचं, नाव, हुद्दा, घोरणं, सगळं जसंच्या तसं छापलं. मंडळाच्या गणपतीत ते स्वतः प्रती वाटत हिंडले. पुढे मुलांच्या पुस्तकात निव्वळ एक खवलेमांजर घातलं — काही विचारलं की वेटोळं करून बसणारं, बस्स, इतकंच — तर ह्यांनी अबोला धरला आणि पेरू लावायला गेले. वरचे ऋतुराजही तसेच. जिन्याच्या दर वळणावर थांबून वास घेणारी घूस राजाजीनगरात कुठल्याही घरी असू शकते, नाही? त्यांनी तडकाफडकी इंदिरानगरला जागा पाहिली.

तेव्हा — हे खरं तर सांगायचं नव्हतं — मला भाडेकरू नकोच आहे, सातव्या पुस्तकाला नायक हवाय. प्रकाशक थांबायला तयार नाहीत, आणि वर कोणी वावरत नसलं की मला ओळ सुचत नाही. घर नुसतं ऐकत बसतं. पण तुमच्यात काही सापडेना हो! ताठ बसता, आवाज न करता चावता. जरा स्वल्प, थोडंसंच, खिडकीपर्यंत चालून दाखवता? — छे. अगदी माणसासारखं चालता.

आणखी चकली? घ्या की. करता काय तुम्ही? मी विचारलंच नाही. — कार्टून. मुलांसाठी. प्राण्यांची. अस्सं. म्हणजे मघापासून मला पुन्हा पुन्हा डबा उघडायला लावताय, चष्मा काढून मी मान कशी वळवते ते पाहताय, ते —

कुठला प्राणी? नको, सांगू नका.

शेपूट आहे का, एवढंच सांगा.

सरी, ठीक आहे. जागा दुसऱ्या कोणाला दिली गेलीय. हो, आत्ताच. जाताना गेट लावून घ्या — आणि वळून पाहायचं नाही.