लांब दांड्याचा पाना

स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं, तेव्हा मला आधी वाटलं, रस्ताच तिरका असेल. उतरून बघते तर काय, भिवापूरच्या अलीकडे बाबांच्या गाडीचं चाक पंक्चर! "या घाबरट पोरीच्या हाती गाडी देऊ नका," असं आई निघतानाच म्हणाली होती. आता गाडी ट्रकला बांधून घरी परतले असते, तर किल्ली पुन्हा हाती लागली नसती.

नशिबानं सोबत आत्या होती. चाकाचे नट खोलायचा पाना गेल्याच आठवड्यात आम्ही दोघींनी जरीपटक्याच्या बाजारातून आणला होता. दुकानात मी चकचकीत, आखूड, पर्समध्ये मावेल असा उचलला.

"अवं, कधीमधीच लागते न आपल्याले," मी म्हटलं.

"म्हणूनच! तोवर नट गंजून बसते," म्हणत आत्यानं लांब दांड्याचा पाना घेतला, दुकानदाराच्याच बाहेर उभ्या जीपला लावला, नऊवारी सावरली आणि सरळ दांड्यावर उभी राहिली. नट करकरत फिरला.

"बाई, माझं चाक!" दुकानदार ओरडला.

"हाच बांध गा," आत्या म्हणाली. मी लाजेनं मान खाली घातली, पण मनातून थक्क झाले होते.

आता तोच पाना माझ्या हातात होता, दोन्ही हातांनी ओढूनही नट हलत नव्हता, आणि आत्या मिरचीच्या शेतातल्या बायांशी गप्पा मारायला गेलेली. झाडावरून कावळा उडाला तरी मी दचकत होते.

"आत्या!" तीनदा हाक मारली.

शेवटी मिरच्यांमधून आवाज आला, "काहून बोंबलून राहिली वं? दुकानात पाहलं नाही का? चढ त्याच्यावर!"