ड्युटी संपल्यावर गेलेला पाय

पोलीस भरतीचा अर्ज द्यायला ऋतिका रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत रांगेला उभी होती. तिच्यापुढे गोदाकाकू कारकुनाशी बोलत होत्या. त्यांचे यजमान, निवृत्त हवालदार, कुबडी टेकून बाकावर बसले होते.

"चिपळूणच्या पुरात पाय गेला खरा, पण त्या दिवशीची ड्युटी संपल्यावर. अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही," कारकून म्हणाला.

"पुराला ठाऊक नव्हतं हो, यांची ड्युटी संपली ते."

"मग पाण्यात उतरलेच कशाला?"

"चुकलंच त्यांचं. बुडणाऱ्या म्हातारीला सांगायला हवं होतं, दुसरा हवालदार येईपर्यंत कळ काढ म्हणून."

"नियम आहे, काकू."

"असूदे. तुमचे पाय सांभाळा. खुर्चीत बसायला लागत नाहीत, तरी सांभाळा."

"पुढचे कोण? काय काम?"

"पोलीस भरतीचा अर्ज," ऋतिका म्हणाली.

काकूंनी वळून तिला न्याहाळलं. "पोहायला येतं काय गो बाय?"

"येतं."

"मग इथे कुणाला सांगू नको."