बत्तीस वर्षं विनाअपघात

सासरे : ...आणि त्या डॉक्टरीणबाई मला विचारतात, आजोबा, चक्कर येतेय का? म्हटलं, बाई, विमान पोटावर घसरत चिखलातून गेलं तेव्हा नाही आली, आता तुमच्या खाटेवर काय येणार!

जावई : बाबा, हलू नका. खांद्याचं हाड मोडलंय तुमचं.

सासरे : एकच ना? सत्तरीच्या माणसाला एवढ्यावर सोडतंय कोण! तुमचं कपाळ?

जावई : सहा टाके.

सासरे : भांग तिकडून पाडा, झाकलं जाईल. जिवावरचं शेपटावर निभावलं, जावईबापू. तोंड का पाडलंय?

जावई : बाहेर चौकशीचे साहेब बसलेत. माझा जबाब घ्यायचाय त्यांना.

सासरे : मग सांगा, वाऱ्याचा झोत आला, विमान खाली दाबलं गेलं. वाऱ्याला कोण साक्षीला बोलावतंय?

जावई : वारा नव्हताच. नुसता ढग होता, जमिनीला टेकलेला. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर मुकाट्यानं वर जायचं. एवढा साधा नियम. पहिल्या खेपेला मी वर गेलो.

सासरे : गेलात.

जावई : दुसऱ्या खेपेलाही दिसली नाही, तरी खाली येत राहिलो. चाकं कुंपणाला अडकली. फ्लाइंग क्लबात शिकायला येणाऱ्यांकडून हाच नियम मी रोज घोकून घेतो, बाबा.

सासरे : आणि दोन खेपांच्या मधे मी काय बोललो, ते सांगणार साहेबांना?

जावई : तुम्ही काही बोलला नाहीत.

सासरे : हाड मोडलंय, डोकं शाबूत आहे. म्हणालो, बत्तीस वर्षं बस चालवली, धुक्यात चालवली, पुरात चालवली, पण प्रवासी घेऊन कधी परत फिरलो नाही. शेजारी बसून डिवचलं तुम्हाला. लग्न झाल्यापासून सात वर्षं डिवचतोय. आज लेकीच्या हट्टापायी पहिल्यांदा तुमच्या विमानात बसलो, तिथंही जीभ गप्प बसेना.

जावई : हात माझे होते. जो चालवतो त्याची चूक. हे तुमचंच वाक्य.

सासरे : माझंच. बाहेरच्या खोलीतली आमची पाटी पाहिलीत ना?

जावई : 'विनाअपघात सेवा, बत्तीस वर्षं.' जेवायला बसलं की समोरच येते.

सासरे : खोटी आहे ती.

जावई : काय सांगता?

सासरे : बाराव्या वर्षी धुक्यात बस खड्ड्यात घातली मी. पुढचं दिसत नव्हतं, पण थांबलो तर लोक हसतील असं वाटलं. नशिबानं खरचटण्यावर भागलं. जबाबात लिहून दिलं, ब्रेक लागले नाहीत. ब्रेक तपासले होते डेपोतल्या मेकॅनिकनं. माझा जवळचा मित्र. ठपका त्याच्यावर आला, त्याला घरी बसवलं, मला पुढे पाटी दिली.

जावई : नंतर भेटलात त्यांना?

सासरे : बाजारात दिसला एकदा. मी रस्ता बदलला. अजून बदलतो.

जावई : तुमच्या लेकीला ठाऊक आहे?

सासरे : तिच्या आईलाही नव्हतं. आज पेट्रोलचा वास सुटला होता, तरी तुम्ही माझा पट्टा सोडवलात, मला आधी बाहेर ढकललंत, मग स्वतः आलात. चिखलात पडल्या पडल्या मनात आलं, माणूस सरळ आहे. आणि इथं खाटेवर येऊन त्याच माणसाला वाऱ्याची गोष्ट शिकवायला लागलो! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आज अर्धामुर्धा मेलो, म्हणून अर्धी तरी गेली. खरं ते सांगून टाका.

जावई : लायसन्स काढून घेतील. निदान काही महिने.

सासरे : घेऊ देत. शिर सलामत तर पगड्या पचास.

(दार धाडकन उघडतं.)

लेक : बाबा! अगं बाई, दोघंही बसलेत. चांगले उठून बसलेत! आणि तुझं कपाळ? फोनवर म्हणे किरकोळ आहे! तीन लाल सिग्नल तोडून आले मी.

सासरे : शोभतेस ड्रायव्हरची लेक. रड, पोटभर रड, पण ह्या खांद्यावर नको.

लेक : दात काय काढताय दोघं? काय शिजत होतं?

जावई : मी साहेबांना जबाब देऊन येतो. चूक माझी आहे. काही दिसत नसताना खाली आलो.

लेक : ...मग तेच सांग. जा. मी इथंच आहे.

सासरे : आणि तू घरी गेलीस की ती पाटी उतरवून ठेव. का ते सांगतो. त्या मेकॅनिककाकाकडेही मला घेऊन चल.

लेक : बाबा, डोक्याला मार लागलाय का तुम्हाला?

सासरे : थोडा. जावईबापू, थांबा. लायसन्स परत मिळालं की पहिली फेरी माझी.

लेक : बाबा!

सासरे : आणि ढग असला तर परत फिरा. मी शेजारून काहीही बोललो, तरी.