माझ्यासारखे लोक कुणाला मत देतात?

...आणि वर हे निवडणूकवाले मलाच विचारतात, "तुमच्यासारखे लोक यंदा काय करणार?" अहो, माझ्यासारखे म्हणजे कोण? अडुसष्ट वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या ह्या ईरी गावात काढली, त्यातली तीस कारखान्यात लेथवर उभा होतो, पण माझ्यासारखा माणूस मला अजून एक भेटला नाही, आणि ह्यांच्याकडे म्हणे यादी आहे!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या फोनमुळं झालं. गुरुवारची दुपार. चर्चच्या तळघरात आम्ही आठ-दहा म्हातारे शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोही करत बसलेलो. बटाटा-चीजचं सारण, मैद्याची पारी, आणि कडा अशा चिमटायच्या की उकळत्या पाण्यात तोंड उघडता कामा नये. त्या विक्रीवर चर्चचा बॉयलर चालतो, आणि ईरीचा हिवाळा म्हणजे... जाऊ दे. तर माझे हात पिठात, खिशात फोन वाजतोय, शेजारी बसलेल्या थेक्लाबाईंनी तो काढला, काहीतरी दाबलं, आणि आतली पोरगी सगळ्या तळघराला ऐकू यायला लागली! "नमस्कार सर, अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पाहणी करतोय, पाचच मिनिटं घेईन."

पाच? नुसत्या धर्मातच वीस गेली हो!

"सर, आपण कॅथलिक की प्रॉटेस्टंट?" म्हटलं, कॅथलिक. "म्हणजे रोमन." नाही, ग्रीक कॅथलिक. "अच्छा, आपण ग्रीक!" अगं नाही बाई, आजोबा स्लोव्हाकियाच्या डोंगरातले. "मग ऑर्थोडॉक्स?" नाही गं, आम्ही पोपनाच मानतो, फक्त आमच्या फादरना बायको आहे. पलीकडून हळूच, "सर... पोपना माहीत आहे का?"

पुढं विचारते, "आपण पुन्हा जन्मलेले, म्हणजे 'बॉर्न अगेन', ख्रिस्ती आहात का?" म्हटलं, एकदाच जन्मलो, आणि तेवढ्यातच आई बेजार झाली होती! "चर्चमध्ये किती वेळा जाता?" मी खरं ते सांगितलं, आठवड्यातून तीनदा. बुधवारी बटाटे, गुरुवारी पिरोही, शुक्रवारी विक्री. तिनं मोठ्यानं म्हणत टिपलं, "अ-ति-शय धार्मिक." रविवारचं तिनं विचारलंच नाही! रविवारी माझी पाठ धरते.

"आणि मत कुणाला?" म्हटलं, ठरत नाहीये. एकाचं अर्धं पटतं, तर दुसऱ्याचं उरलेलं अर्धं... इथं थेक्लाबाई कडाडल्या, "ठरत नाही म्हणजे? त्यालाच द्यायचं की!"

त्यांच्या शेजारी मिल्ड्रेड. बावीस वर्षं ह्या दोघी खांद्याला खांदा लावून कडा चिमटतायत. थेक्लाबाईंचा नवरा गेला तेव्हा मिल्ड्रेड महिनाभर त्यांच्याकडं झोपायला होती. ती म्हणाली, "त्याला? अगं, मला वाटायचं तू दुसऱ्याला देतेस!"

"शी! दुसऱ्याला कोण देतं?"

"मी देते! दर वेळी त्यांच्याच पक्षाला देते!"

"आणि रविवारी वेदीपुढं उभी राहतेस?"

"तुझ्याच मागं उभी असते!"

फोनमधून बारीक आवाज, "सर, हे तुमच्या घरातलेच मतदार का?"

झालं! पुढच्या गुरुवारी तळघरात दोन टेबलं. रिपब्लिकन इकडं, डेमोक्रॅट तिकडं. पण पारी लाटणारे सगळे इकडं निघाले आणि सारणवाले सगळे तिकडं! आता करा पिरोही! आणि मी, न ठरलेला, मधून घमेली वाहतोय. कुणाचं कुणाकडं लक्ष नाही, निम्म्या पिरोह्या पाण्यात फुटल्या, शुक्रवारी गिऱ्हाईक नुसतं सूप घेऊन घरी गेलं. बॉयलर बंद, म्हणून आमचे फादर बेसिल प्रवचनाला कोट घालून उभे राहिले. मीच फोन ठेवला असता तर? रात्रभर तेच डोक्यात.

त्यातच शनिवारी घराच्या दारात प्रचाराची एक बाई. "तुम्ही चर्चला इतक्यांदा जाता, म्हणजे तुम्ही आमचेच!" ती वळली तोवर दुसऱ्या पक्षाचा एक दाढीवाला. "तुम्ही कामगार संघटनेचे जुने सभासद, तुमच्यासारखे लोक आमचेच!" बायको आतून ओरडली, "कोण आहे?" म्हटलं, माझ्यासारखे म्हणजे कोण ते सांगायला आलेत. "मग कळलं का?" छे हो!

मतदानाचा मंगळवार आला. केंद्र कुठं? आमच्याच तळघरात! मतदारांसाठी स्वयंपाकघर उघडं ठेवायचं, आणि केंद्रावरचा अधिकारी बजावून गेला, "इथं प्रचाराचा शब्द निघाला तर बाहेर काढीन." स्वयंपाकघरात टेबल एकच. दोघी आल्या, शेजारी बसल्या, तोंडं शिवलेली. मिल्ड्रेडच्या बोटांना संधिवात. कडा मिटेनात. एक सुटली, दुसरी सुटली, तिनं परात पुढं सरकवली आणि हात मांडीवर ठेवले. थेक्लाबाई बघतायत... बघतायत... मग ती परात ओढली आणि म्हणाल्या, "इतकी बोटं दुखतात, तर सांगायचं नाही होय?"

"बोलत कुठं होतीस?"

"तू विचारायचंस!"

आणि चिमटायला लागल्या, तिच्याही आणि स्वतःच्याही. मी घमेलं घेऊन तिथंच उभा, आणि डोळ्यांत... कांदा हो, कुणीतरी कांदा परतत होतं.

मग पडद्याआड गेलो. वीस मिनिटं. अधिकारी दोनदा खाकरला. दिलं एकदाचं! कुणाला ते सांगणार नाही, बायकोलाही सांगितलेलं नाही.

बुधवारी तळघरात टीव्ही चालू. कोटवाला तज्ज्ञ नकाशावर काठी आपटत होता, "साठीपुढचा, गोरा, कॅथलिक, कॉलेज न शिकलेला, पेनसिल्व्हेनियाचा माणूस! ह्यानंच ठरवलं देशाचं भवितव्य!" सगळं तळघर माझ्याकडं बघायला लागलं. मी? मी ठरवलं? अहो, मला तर पडद्याबाहेर आल्यावर जिना कुठल्या बाजूला तेही आठवत नव्हतं!

थेक्लाबाईंनी टीव्ही बंद केला, मिल्ड्रेडनं माझ्या पुढ्यात पोतं ओतलं आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "देशाचं ठरवून झालं असेल, तर बटाटे सोल."

सोलतोय... बसलोय सोलत.