स्मरणिकेवरच्या पांढऱ्या पट्ट्या

घरातलं बाहेर लिहायचं नाही आणि का ते विचारायचंही नाही, हा आमच्याकडचा नियम. मी विचारलंच नाही, लिहून टाकलं. पाळी असली की गणपतीत आई काकांच्या दाराबाहेर जिन्यात बसते, एवढंच. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत ते छापूनही आलं. झालं! काकांच्या घरची आरती संपताच सेक्रेटरी असलेल्या काकांनी माझ्यासमोर सगळ्या प्रती आणि पांढऱ्या पट्ट्या आपटल्या.

“तूच लिहिलंस ना? मग तूच चिकटव त्या ओळींवर.”

“खोटं आहे का, काका?”

“हल्ली कोण पाळतं गं असलं?” आरतीला आलेले सोसायटीच्या कमिटीतले एक आजोबा म्हणाले.

“नाही चिकटवणार. आई आत्ताही जिन्यातच बसलीय. तिच्यावर कुठली पट्टी लावू?”

सगळ्यांनी बंद दाराकडे पाहिलं. दार उघडायला मात्र कोणी उठलं नाही.